मनातले चित्र, दुसऱ्यांचे हात

कादंबरीकाराला किंवा चित्रकाराला मनात उमटलेली प्रतिमा कागदावर वा कॅनव्हासवर स्वतःच उतरवावी लागते. चित्रपट-दिग्दर्शकाची स्थिती याहून निराळी असते, कारण पडद्यावर दिसणारी जवळजवळ कोणतीही गोष्ट तो आपल्या हाताने घडवीत नाही. भिंतीचा रंग आणि खोलीतले सामान कलादिग्दर्शक ठरवतो, कॅमेरा आणि प्रकाशयोजना छायालेखक सांभाळतो, कपडे वेशभूषाकार बेततो, संगीत संगीतकार रचतो आणि माणूस म्हणून जे काही दिसते ते नट-नटी आपल्या देहातून व आवाजातून उभे करतात. एवढ्या सगळ्यांच्या हातून एकसंध कृती निर्माण व्हायची असेल, तर दिग्दर्शकाला आपल्या मनातले त्यांच्यापर्यंत पोहोचवावे लागते, आणि दिग्दर्शन या कामाचा फार मोठा भाग, कदाचित सर्वांत मोठा भाग, या पोहोचवण्यातच खर्ची पडतो. येथे एक गैरसमज मात्र दूर ठेवला पाहिजे. दिग्दर्शकाच्या डोक्यात संपूर्ण चित्रपट तयार असतो आणि इतरांनी त्याची फक्त नक्कल उतरवायची असते, ही समजूत आकर्षक असली तरी चांगल्या चित्रपटांचा इतिहास तिला फारसा दुजोरा देत नाही. त्या इतिहासात दिसतात ते दिग्दर्शक कोणाला काय सांगायचे, किती सांगायचे आणि काय मुळीच सांगायचे नाही, याचा निर्णय प्रत्येक सहकाऱ्यागणिक वेगळा घेणारे.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या व्यवहाराचे एक आरंभीचे उदाहरण कोल्हापुरात, चित्रकाराच्या कुंचल्यात सापडते. बाबूराव मेस्त्री, म्हणजेच कलामहर्षी बाबूराव पेंटर, हे मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे आणि शिल्प घडवणारे कलावंत. १९२० सालच्या ‘सैरंध्री’पासून त्यांनी जे मूकपट केले, त्यांसाठी पात्रांची वेशभूषा, त्यांचे उभे राहणे आणि हालचाली यांची रेखाटने ते चित्रीकरणापूर्वीच तयार करीत असत. मूकपटात संवाद ऐकू येत नसल्याने देहाची ठेवण हीच नटाची वाणी होती, आणि ती ठेवण शब्दांत समजावण्यापेक्षा रेषेत दाखवणे अधिक सोपे व अचूक ठरे. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेल्या व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनी १९२९ साली सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली व १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. प्रभातची घडणच अशी होती की तिथे दिग्दर्शकाला आपली कल्पना लांबलचक स्पष्टीकरणांनी पटवून देण्याची गरज कमी भासावी: फत्तेलाल स्वतः कलादिग्दर्शक होते, आणि १९३६ चा ‘संत तुकाराम’ त्यांनी व दामल्यांनी मिळून दिग्दर्शित केला तेव्हा देहू गावाचे नेपथ्य आणि त्यात वावरणारी माणसे यांचा विचार एकाच मस्तकात झाला होता. शिवाय नट, सुतार, रंगारी, ध्वनिमुद्रक हे सारे पगारी नोकर म्हणून वर्षानुवर्षे एकाच आवारात काम करीत असल्यामुळे एकमेकांची सवय हेच तिथले माध्यम बनले. आज महिना-दीड महिन्यासाठी एकत्र येऊन पांगणाऱ्या संचाला ही सोय उपलब्ध नाही, आणि म्हणूनच पटकथेचे नॅरेशन, म्हणजे दिग्दर्शकाने सर्वांना कथा रंगवून ऐकवणे, छायाचित्रे व रंगांचे तुकडे चिकटवलेले मूडबोर्ड, लुक टेस्ट, चित्रीकरणस्थळाची रेकी आणि शॉट डिव्हिजन, म्हणजे प्रसंगाची कॅमेऱ्याच्या दृष्टीने पाडलेली फोड, अशा साधनांचा पसारा आजच्या चित्रपटाभोवती वाढलेला दिसतो.

या साधनांपैकी सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे स्टोरीबोर्ड. प्रत्येक शॉटची चौकट क्रमाने रेखाटून तयार केलेली ही चित्रमालिका १९३० च्या दशकाच्या आरंभी डिस्नेच्या स्टुडिओत पद्धतशीरपणे वापरात आली, आणि ते स्वाभाविकच होते, कारण ॲनिमेशनमध्ये प्रत्येक चौकट हाताने काढायची असल्याने आधी न ठरवता काही करणे परवडण्यासारखे नव्हते. जिवंत माणसांच्या चित्रपटात हे साधन आले तेव्हा त्याचे फायदे उघड होते: सेट कुठपर्यंत बांधायचा, कोणती भिंत दिसणारच नाही, किती माणसे लागतील, हे खर्चाचे प्रश्न कागदावरच सुटत. परंतु स्टोरीबोर्ड चौकट दाखवतो, तिच्यातला काळ दाखवत नाही. पात्र किती वेळ गप्प राहते, वळताना घुटमळते की नाही, उजेड कोणत्या गुणाचा आहे, याविषयी तो मुका असतो. आल्फ्रेड हिचकॉक यांच्याभोवती ‘सगळे आधीच कागदावर ठरवणारा दिग्दर्शक’ असे वलय तयार झाले खरे, मात्र ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) मधील विमानाच्या पाठलागाची जी रेखाचित्रे त्याचा पुरावा म्हणून दाखवली गेली, ती चित्रीकरण झाल्यानंतर प्रसिद्धीसाठी काढलेली होती, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. दंतकथा टिकली, कारण ती सर्वांनाच सोयीची होती.

रेखाटनातून बोलणाऱ्या दिग्दर्शकांत सत्यजित राय यांचे उदाहरण विशेष तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण त्यांनी प्रत्येक सहकाऱ्याशी निरनिराळ्या मार्गाने संवाद साधला आणि त्याच्या खुणा मागे ठेवल्या. राय हे कोलकात्यातील डी. जे. कीमर या जाहिरात संस्थेत काम करणारे चित्रकार. ‘पथेर पांचाली’ कादंबरीच्या मुलांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे काढतानाच त्यांना या कथेतील चित्रपट दिसू लागला. १९५२ साली चित्रीकरण सुरू झाले तेव्हा नेहमीच्या अर्थाने पूर्ण लिहिलेली पटकथा त्यांच्यापाशी नव्हती, तर शाईने काढलेल्या रेखाटनांची एक वही होती, आणि निर्मात्यांपासून सहकाऱ्यांपर्यंत सर्वांना तीच दाखवली जाई. पुढच्या चित्रपटांसाठी त्यांनी ‘खेरोर खाता’ म्हणजे लाल कापडात बांधलेली, बंगाली दुकानदार हिशेबासाठी वापरतात तशी चोपडी वापरली. तिच्यात संवाद, चौकटींची रेखाटने, सेटचे व कपड्यांचे तपशील आणि पुढे संगीताच्या टिपणांपर्यंत सारे काही एकाखाली एक येत गेले. अशा चोपडीचा उपयोग हुकूमनाम्यासारखा होत नसे. ती उघडी असे, सहकारी तिच्यात डोकावत, आणि चित्राशेजारी लिहिलेल्या चार शब्दांतून त्यांना प्रसंगाचा कल कळे.

तथापि राय यांच्या पद्धतीचे खरे मर्म चोपडीबाहेर, त्यांच्या दोन सहकाऱ्यांशी असलेल्या नात्यात आहे. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त आणि छायालेखक सुब्रत मित्र हे दोघेही ज्याँ रेन्वार यांच्या ‘द रिव्हर’ या चित्रपटाच्या कोलकात्यातील चित्रीकरणाच्या निमित्ताने घडले होते: चंद्रगुप्तांनी तिथे कलाविभागात काम केले, तर मित्र यांनी निव्वळ प्रेक्षक म्हणून उभे राहून प्रकाशयोजनेच्या आकृत्या वहीत उतरवून घेतल्या. ‘पथेर पांचाली’साठी कॅमेरा हाती घेताना मित्र जेमतेम एकवीस वर्षांचे होते आणि चित्रपटाचा कॅमेरा त्यांनी त्यापूर्वी चालवला नव्हता. परंतु तिघांच्याही डोळ्यांपुढे तेच चित्रपट, तीच छायाचित्रे आणि बनावट चकचकाटाविषयी तीच नावड असल्यामुळे पुष्कळसे न बोलता समजत होते. जिथे समजूत जुळली नाही, तिथे अधिक महत्त्वाचे काही घडले. ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचे अंगण पावसाच्या भीतीने कोलकात्याच्या स्टुडिओत बांधायचे ठरले तेव्हा मित्र यांनी हरकत घेतली, वरून उघड्या असलेल्या अंगणात आभाळातून झिरपणारा, सावली न पाडणारा उजेड स्टुडिओच्या दिव्यांनी आणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. राय आणि चंद्रगुप्त दोघांनीही ते मानले नाही. अखेर मित्र यांनी सेटच्या डोक्यावर पांढरे कापड ताणून दिव्यांचा झोत त्यावर टाकला व परावर्तित होऊन खाली येणाऱ्या मऊ उजेडात चित्रीकरण केले. पुढे ‘बाउन्स लायटिंग’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत त्या काळी जगभरच्या छायालेखनातही नवीनच होती. दिग्दर्शकाने इथे तंत्र सांगितले नव्हते, कारण ते त्यालाही ठाऊक नव्हते. त्याने बनारसच्या अंगणातला दिवस मागितला आणि ती मागणी सोडली नाही. आपल्याला काय हवे हे नेमके सांगणे आणि ते कसे करायचे हे सहकाऱ्यावर सोपवणे, या दोहोंमधील सीमा सांभाळणे हे दृश्यकलावंतांशी होणाऱ्या संवादातील बहुधा सर्वांत अवघड कसब आहे.

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांची वाट याहून वेगळी होती. तेही चित्रकलेतून आलेले. ‘कागेमुशा’ (१९८०) आणि ‘रान’ (१९८५) या खर्चिक चित्रपटांसाठी पैसा उभा राहत नसताना त्यांनी संपूर्ण प्रसंग रंगांत रंगवून काढले, आणि ही चित्रे कॅमेऱ्याचा कोन सांगण्यापेक्षा प्रसंगाचा ज्वर सांगणारी होती. ‘रान’मधील तीन राजपुत्रांच्या सैन्यांना पिवळा, लाल आणि निळा असे रंग आहेत, वेशभूषाकार एमी वादा यांनी ते वस्त्रांत उतरवले आणि त्या कामासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. रणांगणावर शेकडो घोडेस्वार धावताना कोण कोणाच्या बाजूचा हे प्रेक्षकाला एका शब्दाविना कळते, त्यामागे ही रंगांची शिस्त आहे. नटसमूहाशी बोलण्याची त्यांची रीतही लक्षणीय होती. ‘सेव्हन सामुराई’साठी (१९५४) त्यांनी गावातील १०१ रहिवाशांची कुटुंबवार नोंदवही तयार केली आणि किरकोळ भूमिकांतील माणसांनाही आपण कोणाच्या घरातले हे ठरवून दिले. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला कोणताही संवाद नसला तरी दरोडेखोर आल्यावर त्याने कोणाचा हात धरायचा हा प्रश्न अशा वहीने आधीच सुटलेला असतो.

नटांकडे वळल्यावर मात्र संवादाचे नियम जवळजवळ उलटे होतात. कलादिग्दर्शकाला अंतिम परिणाम दाखवणे उपयोगी पडते. नटाला तोच परिणाम सांगणे बहुधा घातक ठरते. ‘इथे तू दुःखी दिसायला हवीस’, ‘अजून थोडा राग आण’ अशा सूचनांना अभिनयशास्त्रात परिणामदर्शी सूचना म्हणतात, आणि त्यांचा दोष असा की त्या ऐकल्यावर नट समोरच्या पात्राकडे लक्ष देण्याऐवजी स्वतःच्या चेहऱ्याकडे लक्ष देऊ लागतो. रशियन नाट्यगुरू स्तानिस्लाव्हस्की यांच्या शिकवणुकीपासून पुढे रूढ झालेला उपाय म्हणजे भावना न सांगता उद्दिष्ट सांगणे, म्हणजे या क्षणी पात्राला समोरच्याकडून काय हवे आहे ते एका क्रियापदात पकडणे. वाटणीच्या कागदांवर सही करायला आलेल्या धाकट्या भावासमोर थोरल्या भावाने रागावायचे आहे, असे सांगितले तर आवाज चढतो आणि भुवया आक्रसतात, एवढेच. त्याऐवजी ‘त्याला सही न करता उठून जायला भाग पाड’ असे सांगितले तर नट कधी चहा पुढे करील, कधी आईचा विषय काढील, कधी नुसता खिडकीबाहेर पाहत बसेल, आणि राग या सगळ्यांतून आपोआप झिरपेल. अमेरिकन दिग्दर्शक एलिया कझान हे नटाला बाजूला घेऊन एकट्याच्या कानात सूचना देण्याबद्दल प्रसिद्ध होते. एका नटाला काय सांगितले आहे हे दुसऱ्याला कळले नाही तर दुसऱ्याची प्रतिक्रिया ताजी राहते, हा त्यामागचा साधा हिशेब होता. ‘ईस्ट ऑफ ईडन’ (१९५५) मध्ये बाप-लेकाच्या भूमिका करणाऱ्या रेमंड मॅसी व जेम्स डीन यांच्यात खरोखरच वितुष्ट होते, आणि कझान यांनी ते मिटवण्याऐवजी धुमसू दिले.

राय यांनी नटांच्या बाबतीतही एकच सूत्र सर्वांना लावले नाही. सौमित्र चटर्जी यांच्यासारख्या वाचन-मनन करणाऱ्या नटाला त्यांनी ‘अपुर संसार’च्या (१९५९) वेळी पात्राविषयीचे लेखी टिपण दिले, ‘चारुलता’साठी (१९६४) तर एकोणिसाव्या शतकातील तरुणाचे हस्ताक्षर रवींद्रनाथांच्या प्रभावापूर्वीच्या वळणाचे हवे म्हणून त्यांच्याकडून अक्षराचा सराव करून घेतला. पडद्यावर ते अक्षर काही क्षणच दिसते, पण बोटांना लागलेले वळण माणसाच्या बसण्या-उठण्यातही उतरते, हे जाणणाऱ्याची ही सूचना आहे. त्याच ‘अपुर संसार’मध्ये शाळकरी वयाच्या शर्मिला टागोर यांना मात्र त्यांनी मानसशास्त्र मुळीच सांगितले नाही, कॅमेरा चालू असतानाच आता डोके इकडे वळव, आता खाली पाहा, अशा क्रमाने त्यांनी तिला हालचाली सांगत नेले, आणि नववधूची गोंधळलेली स्तब्धता त्यातूनच तयार झाली. ‘पथेर पांचाली’तील लहान अपूला काशाच्या गवतातून बहिणीला शोधत चालायचे होते तेव्हा तो यंत्रासारखा सरळ चालू लागला, राय यांनी गवतात ठिकठिकाणी सहायक लपवून त्यांना वेगवेगळ्या वेळी हाका मारायला सांगितल्या आणि वाटेत वाळक्या फांद्या टाकून ठेवल्या, तेव्हा मुलगा आपोआप थबकत, वळत, पावले जपत चालला. मुलाला शोधण्याचा अभिनय शिकवण्यापेक्षा त्याच्या वाटेत शोधण्याजोगे काही ठेवणे, हे दिग्दर्शनाचे कदाचित सर्वांत निर्मळ रूप म्हणता येईल.

परंतु न सांगण्याची ही युक्ती कोणत्या मर्यादेपर्यंत क्षम्य आहे, हा प्रश्न टाळता येत नाही. ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ (१९७२) मधील बलात्काराच्या प्रसंगाचा एक अपमानास्पद तपशील दिग्दर्शक बर्नार्दो बर्तोलुची आणि नट मार्लन ब्रँडो यांनी ठरवला व तो अवघ्या एकोणीस वर्षांच्या मारिया श्नायडर यांच्यापासून मुद्दाम लपवून ठेवला. अभिनेत्रीची नव्हे तर मुलीची प्रतिक्रिया आपल्याला हवी होती, अशी कबुली दिग्दर्शकाने पुढे दिली, आणि त्या दृश्यात आपल्याला खरोखरच अपमानित झाल्यासारखे वाटले, असे श्नायडर यांनी सांगितले. काशाच्या गवतातली फांदी आणि हा प्रकार यांत केवळ मात्रेचा फरक आहे असे मानणे चुकीचे होईल. फांदीमुळे मुलाचे लक्ष त्याच्या भूमिकेतील कामाकडे वळले. श्नायडर यांच्याकडून मात्र नकार देण्याचा अधिकारच काढून घेतला गेला. गेल्या काही वर्षांत जवळिकीच्या व लैंगिक हिंसेच्या प्रसंगांसाठी इंटिमसी को-ऑर्डिनेटर नेमण्याची जी प्रथा रूढ होत आहे, ती अशा अनुभवांतूनच आली आहे. ही व्यक्ती प्रत्येक स्पर्श आधी ठरवून, नटांची संमती घेऊन, नृत्याप्रमाणे बसवून घेते. अशाने उत्स्फूर्तता मरते ही तक्रार अधूनमधून ऐकू येते, पण तलवारबाजी बसवून घेतल्याने युद्धाची दृश्ये निर्जीव झाल्याची तक्रार कोणी करीत नाही.

नट नसलेल्या माणसांकडून काम करून घेण्याची मराठी चित्रपटाची अलीकडची ओढ याच संदर्भात पाहावी लागते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) गीतांजली कुलकर्णी यांच्यासारख्या कसलेल्या अभिनेत्रीसमोर लोकशाहिराच्या भूमिकेत नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार होते, आणि इतरही अनेक भूमिकांत कॅमेऱ्यासमोर कधी न आलेली माणसे होती. अशा माणसांना उद्दिष्ट, उपपाठ (संवादाखाली दडलेला अर्थ) यांची परिभाषा सांगून उपयोग नसतो. ताम्हाणे यांनी दूर ठेवलेला, स्थिर, रुंद चौकटीचा कॅमेरा निवडला, ज्यात माणूस आपल्या गतीने फाईल उघडू शकतो, पंख्याखाली घाम पुसू शकतो, आणि जवळून घेतलेल्या तुकड्यांत प्रत्येक वेळी हात नेमका तिथेच असावा लागतो ती कंटिन्युइटीची कटकट बरीचशी टळते. म्हणजे नटाला द्यायच्या निम्म्या सूचना कॅमेऱ्याच्या जागेनेच देऊन टाकल्या. ‘द डिसायपल’मध्ये (२०२०) शास्त्रीय गायकाच्या भूमिकेसाठी त्यांनी गाणाऱ्या आदित्य मोडक यांनाच घेतले, कारण तानपुऱ्याशेजारी बसलेल्या माणसाची पाठ काही आठवड्यांच्या कार्यशाळेत शिकवता येत नाही. पात्रनिवड हीच अनेकदा दिग्दर्शकाची पहिली आणि सर्वांत परिणामकारक सूचना असते.

संगीताच्या बाबतीत हा सगळा व्यवहार सर्वांत निसरडा होतो, कारण बहुतेक दिग्दर्शकांना स्वरांची भाषा येत नाही आणि ‘थोडे उदास, पण आशादायी’ अशा विशेषणांतून संगीतकाराला काहीच हाती लागत नाही. म्हणून संकलनाच्या वेळी दुसऱ्याच कोणाची तरी रचना तात्पुरती लावून दाखवण्याची पद्धत पडली. तिला टेम्प ट्रॅक म्हणतात. सांगणे सोपे होते, पण महिनोन्महिने तेच संगीत ऐकून दिग्दर्शकाला त्याचीच सवय जडते. स्टॅन्ली क्युब्रिक यांनी ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी (१९६८) ॲलेक्स नॉर्थ यांच्याकडून स्वतंत्र संगीत करून घेतले आणि अखेर ते बाजूला ठेवून तात्पुरत्या लावलेल्या अभिजात रचनांसारख्याच रचना कायम केल्या, आपले संगीत गळाले आहे हे नॉर्थ यांना चित्रपट पाहतानाच समजले. चित्रपट म्हणून तो निर्णय फळला हे खरे असले, तरी संवाद म्हणून पाहता ती पुरती नामुष्की होती.

राय यांनी हा पेच वेगळ्या पद्धतीने सोडवला. सुरुवातीच्या चित्रपटांत रविशंकर, विलायत खाँ, अली अकबर खाँ यांच्याबरोबर काम केल्यावर १९६१ च्या ‘तीन कन्या’पासून त्यांनी संगीत स्वतःच रचायला घेतले, आणि ‘चारुलता’च्या सुमारास कॅमेराही बहुतेक वेळा ते स्वतःच चालवू लागले. मधला माणूस नाहीसा झाल्याने समजावून सांगण्याचे श्रम संपले. चौकट आता अगदी त्यांच्या मनासारखी येऊ लागली, मात्र ‘अपराजितो’च्या अंगणाच्या वेळी जशी हरकत घेतली गेली तशी घेणारा माणूस कॅमेऱ्यामागे उरला नाही. १९६६ चा ‘नायक’ हा राय आणि सुब्रत मित्र यांचा एकत्र केलेला शेवटचा चित्रपट ठरला. त्यानंतरचे बरेचसे चित्रपट पूर्वी मित्र यांच्या हाताखाली काम केलेल्या सौमेंदू राय यांच्या छायालेखनात तयार झाले.